मागच्या सीटसाठी डॅम्पर

राई गाव मागे पडलं, मोकळा रस्ता लागला आणि गाडीचं हँडल थरथरायला लागलं. आधी बारीक, मग चांगलंच. दोन्ही मुठी घट्ट धरूनसुद्धा पुढचं चाक माझं ऐकेना. आई मागून ओरडली, "अगं बाई, पाडतीस का काय मला!" मी ब्रेक न दाबता नुसती ॲक्सिलरेटरची मूठ सोडली, तशी गाडी मंदावत मंदावत मिठागराच्या कडेला जाऊन थांबली. पडलो नाही, साधं खरचटलंही नाही. पण आई उतरली ती उतरलीच. पिशवी काखेला मारून तिने चालायला सुरुवात केली. मी पहिल्या गिअरमध्ये तिच्या शेजारून गाडी हाकतेय आणि ती माझ्याकडे बघतसुद्धा नाही, अशी आमची वरात निघाली. एका रिक्षावाल्याने वेग कमी करून विचारलं, "क्या हुआ, झगडा हुआ क्या?" मी म्हटलं, "आप अपना रास्ता देखो ना." माझं डोकं तसंही लवकर तापतं.

आम्ही उत्तनला चाललो होतो. दर रविवारी जातो. सकाळी विहारात वंदना आटोपायची, घरी येऊन जेवायचं आणि दुपारी मी आईला गाडीवर बसवून उत्तनला मावशीकडे सोडायचं, हा आमचा ठरलेला रविवार. मावशी म्हणजे नात्यातली नव्हे. आई परभणीकडची, मावशी उत्तनच्या कोळीवाड्यातली, रविवारी चर्चला जाणारी. दोघींची गाठ पडली भाईंदर पूर्वेच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात. समोरासमोर बसून डबे पुसायचे, कागदात गुंडाळायचे, खोक्यात भरायचे. त्या कामात दोघींची अर्धी जिंदगी गेली. कारखाना बंद पडला, पण दोघींचं बोलणं काही बंद पडलं नाही.

मावशीचे डोळे आता गेल्यातच जमा आहेत. काचबिंदू. दारात कोणीतरी उभं आहे एवढं तिला कळतं, कोण ते आवाजावरून ओळखते. त्यामुळे ती इकडे येऊ शकत नाही आणि फोनवर बोलायला दोघींनाही आवडत नाही. "फोनमंदी काय बोलायचं, त्याच्यात माणूस हाय का?" असं मावशीचं म्हणणं. मग आई जाते. आठवड्याच्या बातम्या सांगते, तिच्या पायांची नखं कापते. सुनेने एकदा कापताना जरा आत कापलं, तेव्हापासून मावशी आईशिवाय कोणाला पायाला हात लावू देत नाही. हे सगळं ऐकायला किरकोळ वाटेल, पण आईचा सोमवार ते शनिवार त्या रविवारावर चालायचा. बाबा गेल्यापासून तर जास्तच.

त्या दिवशी उत्तनहून येताना आई रिक्षाने आली. घरी येऊन पाय धुतले, चहा केला आणि मला सांगून टाकलं, "मी आता तुझ्या गाडीवर बसायची नाही."

"मग रिक्षाने जा. मी पैसे देते."

"रिक्षात बसलं की दवाखान्यात चाललोय असं वाटतं मला."

बसने तिला मळमळतं. म्हणजे पर्यायच उरला नाही. पुढच्या रविवारी ती वंदनेहून आली, जेवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. त्याच्या पुढच्याही रविवारी तेच. मावशीच्या सुनेचा फोन आला, "आय इचारते, बाय बरी हाय ना?" आई म्हणाली, "सांग, गुडघा दुखायलाय." गुडघा ठणठणीत होता. तिच्या मनात भीती बसली होती आणि ती ते मैत्रिणीला सांगायला तयार नव्हती. वय झालेली माणसं अशीच एकेक गोष्ट सोडत जातात, हे मी कामावर, लॅबमध्ये, रोज बघते. पहिल्यांदा बाजार सोडतात, मग जिना, मग दार. माझी आई त्या रांगेत जाऊन उभी राहिली होती.

मी जेसल पार्कजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेण्याचं काम करते. लोकांच्या शिरा शोधायच्या आणि त्यांना न दुखवता सुई घालायची. तिथे माझा हात कधी कापत नाही. त्यामुळे "हिला गाडी सांभाळता येत नाही" हे जे शेजारच्या काकांनी जिन्यात ऐकवलं ना, ते मला जामच झोंबलं. "पोरी, स्कूटी घे. मोटारसायकल म्हणजे बायकांचं काम नव्हे." मी म्हटलं, "काका, तुमच्या वेळी तुम्हाला ती चालवता येत होती का?" येत नव्हती. काका वर निघून गेले.

गाडी बाबांची. दीडशे सीसी, जुनी, पण इंजिन अजून घड्याळासारखं चालतं. मी ती काशीगावच्या गॅरेजवाल्याकडे नेली. बाबांच्या वेळेपासून तोच गाडी बघतो. बोलका माणूस. त्याने पुढचं चाक उचलून हँडल इकडेतिकडे फिरवलं आणि निदान केलं, "बॉल रेस गेली." बॉल रेस म्हणजे हँडलच्या दांड्याखालचे छर्रे आणि त्यांच्या वाट्या, ज्यांवर हँडल फिरतं. त्याने ते बदलले, टायरची हवा बघितली, चाकाचा बॅलन्स बघितला. मग मला मागे बसवून हायवेला स्वतः गाडी पिदडली, नंतर मला चालवायला देऊन स्वतः मागे बसला. हँडल ढिम्म हललं नाही.

"देखा? मक्खन!" तो म्हणाला.

मी घरी येऊन आईला सांगितलं, नवीन पार्ट टाकलाय, आता काही होणार नाही. आई गवारीच्या शेंगा मोडत होती. "कुठंय पार्ट?" म्हणाली.

"आत असतो तो. दिसत नाही."

"मग कशावरून टाकला?"

कप्पाळ! पण तेव्हाच माझ्या लक्षात आलं की आईला काहीतरी डोळ्यांना दिसणारं हवंय. हात लावून बघता येईल असं. जेवल्यावर मी मोबाईल घेऊन बसले आणि हँडल थरथरण्यावरचे व्हिडिओ बघायला लागले. एका व्हिडिओत एक पोरगा हेल्मेट काखेत धरून सांगत होता, हँडल हलतंय ना, मग स्टिअरिंग डॅम्पर लावा. रेसच्या गाड्यांना असतो. हँडल एकदम झटका मारायला गेलं की हा त्याला धरतो. हळू वळवलं तर वळू देतो, फटकन वळायला गेलं तर विरोध करतो. बस्स, मला पटलं. एखादी गोष्ट मनात भरली की मग मला कोणी अडवू शकत नाही.

त्यात दोन प्रकार निघाले. एक गोल डबीसारखा, हँडलच्या मधोमध बसणारा. तो दिसायला नीटनेटका, पण प्रत्येक गाडीसाठी वेगळा लागतो आणि महाग. माझ्या गाडीसाठी तर कोणी बनवतच नव्हतं. दुसरा लांबट, पिचकारीसारखा. एक नळी, तिच्यात तेल, तेलातून आतबाहेर करणारा दांडा. नळी पुढच्या चाकाला धरणाऱ्या शॉकअपला पट्ट्याने बांधायची, दांड्याचं टोक चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बोल्टने. हा कुठल्याही गाडीला लावता येतो आणि स्वस्तातही मिळतो. स्वस्तातले मात्र नाना तऱ्हेचे. खाली लोकांनी लिहिलेलं वाचत बसले तर कोणी म्हणतोय एक नंबर, कोणी म्हणतोय महिन्यात तेल गळलं, एकाने लिहिलं होतं की आत काहीच नाही, नुसता शोपीस आहे. मी टोकाला फिरवायची गुंडी असलेला निवडला. ती फिरवून विरोध कमीजास्त करता येतो.

पहिला आला तो परत पाठवला. मी त्याचा दांडा हाताने आत ढकलून बाहेर ओढून बघितला. दिवसभर सिरिंज हाताळणाऱ्या माणसाला एवढं कळतं. मधे एक जागा अशी होती की दांडा नुसताच सरकत होता, काही विरोधच नाही. आत हवा होती. हँडल थरथरतं ते मधल्या त्या एवढ्याशा जागेतच, आणि हा पठ्ठ्या नेमका तिथे झोपलेला. दुसऱ्या दुकानाचा मागवला. तो दोन्ही बाजूंना सारखा, जड, मधे कुठेही न सुटता सरकला. फक्त रंग सोनेरी. असा भडक की लग्नात घोड्याला लावावा.

"सोन्याचा आणलास का काय!" आई म्हणाली. तिने तो हातात घेतला, वजन बघितलं, दांडा दाबून बघितला. "हे काय करतं?"

"हँडल हलू देत नाही."

"बघू," म्हणाली. त्या 'बघू'वर मी पुढचं सगळं केलं.

गॅरेजवाल्याने तो बघून कपाळाला हात लावला. "मॅडम, ये रेसिंगवालों का आयटम है. आपको उत्तन जाना है के रेस में?" मी म्हटलं, तू लाव. लावायला घेतला तर किटमधला पट्टा शॉकअपच्या दांड्याला मोठा. आवळला तरी फिरतो. मग त्याच्या आत ट्यूबचा तुकडा गुंडाळून तो बसवला. दुसरं टोक चॅसीला बांधायला जागाच नाही. टाकीच्या पुढच्या बोल्टपासून एक एल आकाराची पट्टी काढावी लागणार होती. ती किटमध्ये नव्हती. इंद्रलोककडे राहणारे बाबांचे एक मित्र फॅब्रिकेशनचं काम करतात, त्यांच्याकडून मी ती जाड पत्र्याची करून घेतली. कार्डबोर्ड कापून माप दिलं होतं. "जयभीम काका, भोक बरोबर इथेच पाडा," असं मी तीनतीनदा सांगितल्यावर ते म्हणाले, "बेटा, तुझे बाबापण असंच डोकं खायचे."

पट्टी बसली, डॅम्पर बसला, दिसायला झकास. हँडल डावीकडे पूर्ण वळलं. उजवीकडे अर्ध्यातच अडलं. दांडा नळीत पूर्ण आत जाऊन टेकत होता. म्हणजे उजवीकडे वळताना गाडी वळणारच नाही, सरळ समोरच्याच्या दुकानात. गॅरेजवाला म्हणाला, "चलेगा, हँडल कभी फुल थोडी ना काटते हैं." मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने निमूट पाना उचलला. नळी पट्ट्यात थोडी पुढे सरकवली, पुन्हा आवळली, पुन्हा दोन्ही बाजूंना हँडल पूर्ण फिरवलं. टाकीला घासत नाही, वायर दबत नाही. मग गुंडी सगळ्यात सैल करून तिथून थोडी थोडी आवळत नेली. जास्त आवळली की हळू चालवताना हँडल चिखलात रुतल्यासारखं वाटतं. मध्यावर ठेवली.

नंतर मी रोज कामावरून आल्यावर आमच्या बिल्डिंगच्या आवारात बसून त्याचे बोल्ट तपासायचे. वरून आई बघायची. वाळलेले कपडे परत वाळत घालायचं नाटक करत. "काय करायलीस गं खाली बसून?" असं विचारायची आणि उत्तर ऐकायला थांबायची नाही.

एका शनिवारी मी हायवेवर, मग उत्तनच्या रस्त्यावर एकटीने गाडी नेऊन बघितली. त्याच जागी, त्याच वेगाने. हँडल जागचं हललं नाही. शप्पथ सांगते, मला तेव्हा नाचावंसं वाटत होतं. घरी येऊन मी आईसमोर उभी राहिले. "उद्या चल. एकदाच. हललं तर पुन्हा बस म्हणणार नाही." हे बोलायला नको होतं. पण बोलून गेले.

रविवारी आई तयार झाली. इस्त्रीची साडी, केसांना तेल, मावशीसाठी लसणाची चटणी. बसली. नेहमीसारखीच, दोन्ही पाय डावीकडे टाकून, उजवा हात माझ्या उजव्या खांद्यावर. भाईंदर पश्चिमेला आलो, मुर्धा गेलं, राई गेलं. मोकळा रस्ता आला आणि आईची बोटं माझ्या खांद्यात रुतली. आणि हललं. पहिल्याइतकं नाही, डॅम्परने जोर मोडला होता, पण हललं. मी वेग उतरवला. आई ओरडली नाही. तेच मला जास्त लागलं. थोड्या वेळाने नुसतं म्हणाली, "चल आता. आलोच आहोत तर भेटून घेते तिला."

मावशी पडवीत बसली होती. गाडीचा आवाज तिने ओळखला. "आलीस बाय? गुडघा बरा हाय काय आता?"

आई तिच्या पायाशी बसली. मावशीची नखं खरंच वाढली होती, एक तर बाजूच्या बोटाला टोचत होतं. आईने कोमट पाणी मागवलं, पाय भिजत ठेवले. मी उंबऱ्यावर चहा घेत होते. आई खाली मान घालून म्हणाली, "गुडघ्याला काही झालं नव्हतं. मला गाडीवर भ्या वाटायलंय. आता यायला जमायचं नाही मला. सुनबाईकडून कापून घेत जा, मी तिला दाखवून जाते कसं कापायचं ते."

मावशीने पाण्यातला पाय काढून घेतला. मग म्हणाली, "मी येऊ शकत न्हाय. तू यायची न्हाय. मंग झालं आपलं."

"असं नको ना बोलू."

"काय खोटं हाय त्यात?"

सुनेला हाक मारून आईने खरंच तिला शेजारी बसवलं. बोट कसं धरायचं, कोपरा कसा सोडायचा. मावशीने पाय दिला, पण तोंड दुसरीकडे फिरवून बसली. मला ते बघवेना. मी बाहेर येऊन गाडीजवळ उभी राहिले आणि त्या सोनेरी नळीकडे बघून मनातल्या मनात तिला शिव्या घातल्या. एवढी उठाठेव केली, आणि आई इथे नखं कापण्याचा चार्ज देऊन निघालीय. रडू येत होतं आणि रागही येत होता, नक्की कोणाचा ते कळत नव्हतं.

निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. मी आईला म्हटलं, अगदी हळू नेते, मग तर बसशील? ती बसली. डोंगरीचा उतार उतरून मिठागराच्या रस्त्याला लागलो. सूर्य आमच्या पाठीमागे होता, त्यामुळे आमची सावली पुढे रस्त्यावर लांबलचक पडली होती. मी तिच्याकडे बघत गाडी चालवत होते. दुसरं बघण्यासारखं काही नव्हतं. सावलीत माझं डोकं होतं, आरसे होते, आणि डावीकडे आईचे गुडघे, पाय, कडेला लोंबणारी पिशवी. उजवीकडे काहीच नाही. सगळा बोजा एका बाजूला. आणि माझं डोकंही सावलीत सरळ नव्हतं, उजवीकडे कलतं होतं. इतके दिवस मी तिचा तोल सावरायला तशी कलून बसत होते आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

तेवढ्यात एक छोटा खड्डा आला. आईने माझा खांदा ओढला. सावलीत माझा खांदा मागे गेला, त्याच्याबरोबर हात गेला आणि हँडल हललं. हललं म्हणून तिने अजून जोरात धरलं. अजून हललं.

मी गाडी थांबवली. दिवाळीच्या आधी एकदा आमच्यापुढे कुत्रं आडवं आलं होतं, त्या दिवसापासून आई मला घट्ट धरायला लागली होती. तेव्हापासून माझा उजवा खांदा दुखत होता आणि मी समजत होते की लॅबमध्ये वाकून वाकून दुखतोय. गॅरेजवाला मागे बसला तो दोन्हीकडे पाय टाकून, मांड्यांवर हात ठेवून. मी बसले तीही तशीच. आम्ही दोघांनी छर्रे बघितले, टायर बघितला, तेल आणि बोल्ट बघितले. आई कशी बसते हे कोणीच बघितलं नाही. मीसुद्धा नाही, बाई असून. बायका मागे अशाच बसतात, त्यात काय बघायचंय!

"आई," मी म्हटलं, "दोन्हीकडे पाय टाकून बस."

"काय?"

"माझ्यासारखं बस. पुरुष बसतात तसं."

"डोकं फिरलंय का तुझं? साडीत?"

"साडीतच."

"ह्या वयात पाय फाकवून बसू? लोक काय म्हणतील!"

"कुठे आहेत लोक?" मी हात पसरून दाखवलं. दोन्ही बाजूंना मिठाची शेतं, लांबवर एक माणूस फळीने मीठ ओढत होता आणि त्याची आमच्याकडे पाठ होती. "त्याला विचारून येऊ का?"

"फाजीलपणा करू नकोस."

मग मी चिडले. गाडी स्टँडला लावली आणि जे काही पोटात होतं ते सगळं बोलून टाकलं. तू घाबरतेस म्हणून खांदा ओढतेस, ओढतेस म्हणून हँडल हलतं, हलतं म्हणून घाबरतेस. गाडीत काही दोष नाही. तुझ्या बसण्यात आहे. आणि तू त्यापायी तिकडे मावशीचा पाय सुनेच्या हातात देऊन आलीस. ती आंधळी बाई तोंड फिरवून बसली होती, दिसलं का तुला? माझा आवाज चढला होता. तो मीठवालाही वळून बघायला लागला. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"दिसलं," ती म्हणाली.

मग तिने पिशवी माझ्या हातात दिली. इकडेतिकडे बघितलं. साडीच्या निऱ्या पुढून उचलल्या, पायांमधून मागे नेल्या आणि कमरेला खोचल्या, कापूस वेचायला जाताना बायका खोचतात तशा. तिने पोरवयात ते केलं असणार, कारण हात एकदाही अडखळला नाही. जवळच्या नाल्यावरच्या मोरीच्या कठड्यावर चढली. मी गाडी त्याला खेटून लावली. माझ्या पाठीला धरून तिने एक पाय उचलला, तो सीटवर अडकला, "मेले मी" म्हणाली, पुन्हा उचलला आणि बसली. तिच्या पोटऱ्या उघड्या पडल्या होत्या. ती त्या साडीने झाकायचा प्रयत्न करत होती.

"पिशवी आपल्या दोघींच्या मधे ठेव. आता खांद्याला नाही धरायचं. कमरेला धर."

तिने माझा कुर्ता दोन बाजूंनी चिमटीत धरला.

"चिमटीत नाही गं. नीट धर. दोन्ही हात पुढे आण."

तिने हात पुढे आणले. मी गाडी सुरू केली. पहिला, दुसरा, तिसरा. सावलीत आता आम्ही दोघी मिळून एकच होतो, सरळ. त्या जागेवर आलो. मी मुद्दाम वेग वाढवला. खड्डा आला, गाडी उडाली, आईने मला घट्ट आवळलं, आणि हँडलला काही कळलंसुद्धा नाही. मी ओरडले, "बघ! हलतंय का? बघ ना!"

आईचं कपाळ माझ्या पाठीला टेकलं. मग गाल टेकला. तिचे हात सैल पडले नव्हते, उलट बोटांत बोटं अडकवून तिने माझ्या पोटावर घट्ट पकड घातली होती. तिचा श्वास मला पाठीवर लागत होता आणि तो सरळ येत नव्हता. मला वाटलं, पुन्हा घाबरली. मी वेग कमी केला.

"आई, भीती वाटतेय का?"

"नाही गं."

"मग?"

राईची घरं जवळ आली होती. तिथे लोक होते, दुकानं उघडी होती. मला वाटलं आता ती हात काढून घेईल. तिने काढले नाहीत.

"एवढी वर्षं तुझ्या बाबांच्या मागे बसले," आई म्हणाली. "त्यांना असं कधी धरलंच नाही मी. एकदाबी नाही."

माझे दोन्ही हात हँडलवर, डोळे पुसायचीही सोय नाही.

"सावकाश चालव," आई माझ्या पाठीत म्हणाली. "घाई नाही."

मी तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाकला.